दुपारी बसणारं नेटवर्क आणि स्विचची साक्ष

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्यात दांडिया बाजारजवळ एका ट्रस्टची मराठी शाळा आहे. जुनी इमारत आणि अंगणापलीकडे नवी तीन मजली, दोन्हींमध्ये अंगणावरून टांगलेली तांब्याची केबल. ऑफिसात सिस्कोचा २४ पोर्टचा मॅनेज्ड स्विच, दोन्ही लॅबमध्ये ब्राउझरमधून सेटिंग करायचे १६ पोर्टचे स्विच आणि कॅमेऱ्यांसाठी ८ पोर्टचा पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा) स्विच. शाळेचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन व्हीलॅन (त्याच स्विचांवरची एकमेकांपासून वेगळी नेटवर्कं) केले: १० ऑफिसला, २० लॅबना, ३० कॅमेऱ्यांना. शाळा उघडल्यापासून तीन तक्रारी आहेत. नव्या लॅबमधल्या मशीनना १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळतो. आठवड्यातून तीन-चारदा, बहुतेक दुपारी, सगळ्या शाळेचं नेटवर्क बसतं आणि सगळे स्विच बंद-चालू केले की उठतं. आणि पाऊस लागल्यापासून रात्री दोन-तीन कॅमेरे जातात. सगळे स्विच बदलून टाकावेत का, असं त्यांनी विचारलं आहे.

स्विच बदलू नका. तुमच्या वर्णनावरून हे तीन वेगवेगळे दोष आहेत, आणि एकातही स्विच बिघडल्याची खूण मला दिसत नाही. पण त्याआधी एक विनंती: नेटवर्क बसलं की सगळं बंद-चालू करायची सवय आजपासून सोडा. मी वडोदऱ्यात हेच काम बावीस वर्षं करतोय, आधी मकरपुऱ्याच्या कारखान्यांत आणि आता जास्त करून दवाखाने आणि शाळांमध्ये. साधा डबा सोडून आपण मॅनेज्ड स्विचला जे जास्तीचे पैसे मोजतो, त्यातले निम्मे मी त्याच्या साक्षीचे धरतो. कोणत्या पोर्टवर कोण बसलंय, कुठून खराब फ्रेम (डेटाची पाकिटं) येताहेत, शेवटचा गोंधळ कोणत्या बाजूने सुरू झाला, हे सगळं तो टिपत असतो. मात्र यातलं बहुतेक चालू मेमरीत असतं. वीज काढली की पुसलं जातं. तीन-चार आठवडे तुम्ही दर वेळी नेमका पुरावाच पुसत आलात, म्हणून दोष जागच्या जागी राहिला.

आधी नवी लॅब घेतो, कारण ते अर्ध्या तासाचं काम आहे.

१६९.२५४ चा पत्ता मशीन स्वतःच स्वतःला देतं, पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून उत्तर आलं नाही म्हणून. म्हणजे मशीनने मारलेली हाक राउटरपर्यंत गेली नाही, किंवा उत्तर परत आलं नाही. प्रत्येक नेटवर्क कार्डाला कारखान्यात मिळालेला नंबर म्हणजे मॅक. ही हाक कुठवर पोचली ते शोधायला मॅक अ‍ॅड्रेसची टेबल पुरेशी असते. ओल्या अंगणात पावलं उमटावीत तसं आहे हे: फ्रेम ज्या स्विचमधून जाते तिथे तिचा मॅक, पोर्ट आणि व्हीलॅन नोंदला जातो आणि सहसा ३०० सेकंद राहतो. लॅबमधल्या एका मशीनचा मॅक कागदावर लिहून घ्या. मशीनवर पत्ता नव्याने मागा आणि लगेच आधी लॅबच्या स्विचमध्ये, मग ऑफिसच्या स्विचमध्ये तो मॅक शोधा. सिस्कोवर ‘शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल’. ब्राउझरवाल्या स्विचमध्ये मॅक टेबल किंवा फॉरवर्डिंग टेबल नावाचं पान असतं.

लॅबच्याच स्विचमध्ये तो मॅक व्हीलॅन २० ऐवजी १ मध्ये दिसला, तर दोष सापडला. माझा अंदाज हाच आहे. ब्राउझरवाल्या बऱ्याच स्विचांमध्ये एका पोर्टसाठी दोन वेगळ्या जागी सांगावं लागतं. एका पानावर पोर्ट व्हीलॅन २० चा ‘अनटॅग्ड’ (फ्रेमवर व्हीलॅनच्या नंबराची चिठ्ठी नसलेला) सभासद करायचा; त्याने फक्त बाहेर जाणाऱ्या फ्रेमचं ठरतं. मशीनकडून आत येणारी टॅग नसलेली फ्रेम कोणत्या व्हीलॅनमध्ये घालायची, हे दुसऱ्या पानावरचा पीव्हीआयडी ठरवतो, आणि तो मुळात १ असतो. तुम्ही सिस्कोवर ‘स्विचपोर्ट अ‍ॅक्सेस व्हीलॅन २०’ ही एकच ओळ लिहिली की दोन्ही कामं होतात, म्हणून सिस्कोवर हात बसलेला माणूस इथे हमखास फसतो. जुन्या लॅबचा स्विच चालतो आणि नव्याचा नाही, म्हणजे एकावर तुमच्याकडून पीव्हीआयडी भरला गेला आणि दुसऱ्यावर राहून गेला असावा. जाता जाता त्या पोर्टवरून व्हीलॅन १ चं सभासदत्वही काढा.

लॅबच्या स्विचमध्ये २० दिसतं आणि ऑफिसच्या स्विचमध्ये मॅकच नाही, तर मधली ट्रंक, म्हणजे सगळे व्हीलॅन एकत्र नेणारी स्विचांमधली केबल, बघा. ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ लिहिल्यावर चार तक्ते येतात. लोक पहिला बघून थांबतात. तुम्ही शेवटच्या दोन तक्त्यांपर्यंत जा: कोणते व्हीलॅन परवानगीत आहेत आणि स्विचमध्ये खरोखर जिवंत आहेत, आणि त्यातले स्पॅनिंग ट्रीने (जास्तीच्या वाटा बंद ठेवणारी सोय, खाली येते) कोणते चालू ठेवलेत. परवानगीच्या यादीत २० आहे पण व्हीलॅन २० ऑफिसच्या स्विचमध्ये तयारच केलेला नाही, असं पुष्कळदा निघतं. ट्रंकवरच्या फ्रेमला, नेटिव्ह (टॅगशिवाय जाणारा) व्हीलॅन सोडून, चार बाइटचा टॅग लागतो, त्यात व्हीलॅनच्या नंबरासाठी १२ बिट असतात, म्हणून नंबर १ ते ४०९४ चालतात; पण दुसऱ्या टोकाला तो नंबर माहीत नसेल तर फ्रेम तिथेच टाकली जाते, कुठेही तक्रार न होता.

ट्रंकच्या यादीत व्हीलॅन वाढवताना ‘अ‍ॅड’ शब्द विसरू नका. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड २०’. तो शब्द गाळलात तर जुनी यादी जाऊन फक्त २० उरतं. ही चूक मी स्वतः केली आहे, एका दवाखान्यात, संध्याकाळी सहाला, घरून. ज्या व्हीलॅनमधून मी आत होतो तोच कापला गेला आणि तीन मजल्यांचं बिलिंग बंद पडलं. पावसात स्कूटर घेऊन जाईपर्यंत चाळीस मिनिटं गेली, आणि तेवढा वेळ रुग्णांचे नातेवाईक खिडकीसमोर उभे होते. तेव्हापासून लांबून काही बदलायचं असेल तर मी आधी ‘रीलोड इन १०’ देतो. दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होतो आणि सेव्ह केलेलं जुनं कॉन्फिगरेशन उचलतो, म्हणजे मी स्वतःलाच बाहेर कोंडलं तरी दार उघडतं. सगळं नीट झालं तर ‘रीलोड कॅन्सल’, आणि मगच सेव्ह. बदल तपासण्याआधी सेव्ह केलात तर या युक्तीचा काही उपयोग नाही.

मॅक ऑफिसच्या स्विचमध्येही २० मध्ये दिसतो आणि तरी पत्ता नाही, तर स्विचांचं काम झालेलं आहे, राउटर बघा. व्हीलॅन २० चा इंटरफेस आणि त्याची डीएचसीपी रेंज राउटरवर आहे का? खात्रीसाठी एका मशीनला हाताने २० च्या रेंजमधला पत्ता द्या आणि गेटवेला (राउटरच्या त्या व्हीलॅनमधल्या पत्त्याला) पिंग करा. पिंग लागलं तर फक्त डीएचसीपी राहिलंय. आणखी एक शक्यता: मशीन चालू झाल्यावर पत्ता नाही, पण पाच-दहा मिनिटांनी आपोआप मिळतो. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीत पोर्ट जागा व्हायला ३० सेकंद घेतो, १५ ऐकण्यात आणि १५ शिकण्यात, आणि तेवढ्यात एसएसडीवालं मशीन हाका मारून थकलेलं असतं. मशीनच्या पोर्टवर ही वाट बघणं टाळणारं पोर्टफास्ट लावा, ब्राउझरवाल्यात त्याला एज पोर्ट म्हणतात.

आता दुपारचा प्रकार. हाच खरा प्रश्न आहे.

इतर सगळं सोडून मला तुमच्या वर्णनातला ‘बहुतेक दुपारी’ हा शब्द महत्त्वाचा वाटला. स्विचला सकाळ-दुपार कळत नाही. दुपारी काहीतरी चालू होतं जे सकाळी बंद असतं. जुन्या लॅबचा तास दुपारी असतो, आणि तास संपला की लॅबचा मेन बंद करतात, असंही तुम्ही लिहिलंय. माझा संशय असा: त्या लॅबमध्ये कुठेतरी, बहुधा सरांच्या टेबलाखाली, पाच किंवा आठ पोर्टचा साधा डबा आहे. त्यात एका केबलची दोन्ही टोकं खोचलेली आहेत, किंवा त्याच्याकडे भिंतीतल्या दोन पोर्टांतून दोन केबल आल्या आहेत. डब्याला वीज मिळाली की लूप जिवंत होतो. तुम्ही धावपळ करून एकेक स्विच बंद-चालू करता, तोवर तास संपतो, मेन पडतो, लूप मरतो. नेटवर्क उठतं आणि श्रेय रीस्टार्टला जातं.

मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात मी हेच तीन आठवडे शोधत होतो. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी अकराच्या सुमाराला डिस्पॅचपासून अकाउंटपर्यंत सगळं थांबायचं. त्या दोन दिवशी मीटिंग असायची. कॉन्फरन्सच्या खोलीत लॅपटॉपसाठी एक केबल मोकळी लोंबत असे, आणि मीटिंगआधी खोली आवरणारा माणूस ती जमिनीवर लोळू नये म्हणून तिचं मोकळं टोक भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये खोचून ठेवी. त्याने तर खोली नीटनेटकी केली होती. चूक माझी होती, कारण त्या पोर्टांवर काहीही संरक्षण न लावता मी ते चालू ठेवले होते. शाळेतही कोणा मुलाला किंवा शिपाईकाकांना दोष देऊ नका. कोणीही खोचलं तरी नेटवर्क उभं राहिलं पाहिजे, अशी मांडणी करणं आपलं काम आहे.

लूप एवढा जीवघेणा का, हे समजून घ्या, म्हणजे उपाय लक्षात राहतील. आयपी पॅकेटमध्ये एक आकडा असतो, प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट फेकलं जातं. ईथरनेटच्या फ्रेमला असं आयुष्य नाही. ब्रॉडकास्ट फ्रेम लूपमध्ये शिरली की फिरतच राहते, आणि प्रत्येक फेरीत बाकीच्या सगळ्या पोर्टांवर तिची प्रत जाते. एक गिगाबिटच्या लिंकवर सर्वांत लहान आकाराच्या फ्रेम सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार मावतात. तेवढ्या फ्रेम प्रत्येक कॉम्प्युटरच्या दारावर थाप मारतात. लूप व्हीलॅन २० मध्ये असला तरी ऑफिसही बसतं, कारण ट्रंक एकच आहे, ती भरून जाते, आणि स्विचचा प्रोसेसर या गर्दीत इतका गुंततो की त्याचं स्वतःचं पानही उघडत नाही.

यावरचा उपाय राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये शोधला: स्पॅनिंग ट्री. स्विच एकमेकांना छोटे निरोप पाठवतात, एकाला मूळ मानतात आणि मुळाकडे जाणाऱ्या जास्तीच्या वाटा बंद ठेवतात. तुमच्याकडे तो का चालला नाही? ब्राउझरवाले अनेक स्विच खोक्यातून बाहेर येतात तेव्हा त्यांच्यात स्पॅनिंग ट्री बंदच असते. दोन्ही लॅबच्या स्विचांवर रॅपिड स्पॅनिंग ट्री चालू करा, सिस्कोवर मोड रॅपिड-पीव्हीएसटी ठेवा. दोन पद्धतींची गाठ व्हीलॅन १ वर पडते, म्हणून ट्रंकच्या दोन्ही टोकांना व्हीलॅन १ टॅगशिवायच राहू द्या. तो नेटिव्ह बदलायचा मोह होतो, पण दोन कंपन्यांचे स्विच जोडलेले असताना तो टाळा.

मूळ कोण, हे नशिबावर सोडू नका. प्रत्येक स्विचची प्रायॉरिटी मुळात ३२७६८ असते, आणि बरोबरी झाली की ज्याचा मॅक लहान तो मूळ होतो. पुष्कळदा तो कपाटातून काढून जोडलेला सर्वांत जुना स्विच निघतो, आणि मग शाळेची सगळी वाहतूक त्या म्हाताऱ्याभोवती रचली जाते. ऑफिसच्या स्विचवर लिहा: ‘स्पॅनिंग-ट्री व्हीलॅन १,१०,२०,३० प्रायॉरिटी ४०९६’.

एवढ्याने साध्या डब्याचा लूप थांबेलच असं नाही. काही डबे स्पॅनिंग ट्रीचे निरोप पुढे जाऊ देतात, काही गिळतात. पुढे जाऊ दिले तर स्विचला स्वतःचाच निरोप त्याच पोर्टवर परत आलेला दिसतो, आणि तिथे बीपीडीयू गार्ड (बीपीडीयू म्हणजे हेच निरोप) असेल तर पोर्ट तात्काळ बंद होतो. सिस्कोच्या ज्या पोर्टांवर फक्त मशीन आहेत तिथे पोर्टफास्ट आणि बीपीडीयू गार्ड दोन्ही लावा. दुसऱ्या मॅनेज्ड स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर मात्र गार्ड लावू नका, पहिला निरोप येताच सगळी लॅब कापली जाईल. निरोप गिळणाऱ्या डब्यांसाठी लॅबच्या स्विचांवर लूप डिटेक्शन नावाची वेगळी सोय बघा. त्यात स्विच स्वतःची खास फ्रेम सोडतो आणि ती परत आली की पोर्ट बंद करतो. शेवटचा बांध म्हणजे स्टॉर्म कंट्रोल: ब्रॉडकास्ट एका ठरावीक टक्क्यापुढे गेला की जास्तीचा टाकून द्यायचा. लॅबच्या पोर्टांवर मी १ टक्क्यापासून सुरुवात करतो.

पण हे सगळं लावण्याआधी एकदा लूप पकडा. तुम्हाला तो डोळ्यांनी बघायलाच हवा, नाहीतर पुढच्या वर्षी तो दुसऱ्या खोलीत निघेल आणि तुम्हाला ओळखू येणार नाही. लॅपटॉपला कन्सोल केबल लावून ऑफिसच्या रॅकपाशी दुपारी बसा. वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही. नेटवर्क मेलं तरी कन्सोल सहसा चालतो, कारण तो नेटवर्कमधून जातच नाही. प्रकार सुरू झाला की आधी दिव्यांकडे बघा. लूपमध्ये सगळे पोर्ट एका तालात, जवळजवळ सलग लुकलुकतात. मग ‘शो लॉगिंग’. त्यात मॅकफ्लॅपच्या ओळी येतील: अमुक मॅक अमुक व्हीलॅनमध्ये दोन पोर्टांच्या दरम्यान उड्या मारतोय. पाच-सहा ओळी वाचा. मॅक वेगवेगळे असतील, प्रत्येक ओळीतला एक पोर्ट वेगळा असेल, पण एक पोर्ट सगळ्या ओळींत सामाईक निघेल. गोंधळ त्या पोर्टच्या पलीकडे आहे. त्यानंतर ‘शो स्पॅनिंग-ट्री डीटेल’ बघा; शेवटचा बदल किती वेळापूर्वी झाला आणि कोणत्या पोर्टकडून आला, हे तिथे लिहिलेलं असतं. तो एकच पोर्ट ‘शटडाउन’ करा. दहा सेकंदांत शाळा उठली, तर त्या केबलमागे चालत जा. सरांच्या टेबलापाशी पोचाल असं मला वाटतं.

दिवे शांत असतील आणि मॅकफ्लॅप नसेल, तर हा लूप नाही. मग बघा की कोणी गेटवेचाच पत्ता लावून तर बसलं नाही. घरचा जुना वायफाय राउटर कोणीतरी ऑफिसात आणून लावतो, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो, आणि तुमच्या राउटरचाही तोच. एकमेकांना पिंग लागतं, बाहेरचं काही नाही. मशीनवर ‘एआरपी -ए’ लिहून गेटवेसमोरचा मॅक बघा आणि राउटरच्या तळाशी छापलेल्या मॅकशी पडताळा. तसाच राउटर आपल्या खिशातून पत्तेही वाटू लागतो. त्यासाठी डीएचसीपी स्नूपिंग आहे, ती विश्वास न ठेवलेल्या पोर्टवरून वाटलेले पत्ते अडवते. ती चालू करण्याच्या आधी खऱ्या राउटरकडे जाणारा पोर्ट ‘ट्रस्ट’ करा, लॅबच्या स्विचवर चालू करणार असाल तर त्याचा अपलिंकही.

कॅमेऱ्यांचं दुखणं पावसाशी जोडू नका, निदान एवढ्यात नाही. रात्र हा धागा पकडा. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याची भूक वाढते. दिवसा चार-पाच वॅट घेणारा कॅमेरा रात्री नऊ-दहा घेऊ शकतो. ८०२.३एएफ पद्धतीत एक पोर्ट १५.४ वॅट देऊ शकतो, पण म्हणून आठ पोर्ट मिळून १२३ वॅट मिळतील असं नाही. स्विचच्या मागच्या चिठ्ठीवर एकूण बजेट लिहिलेलं असतं, आणि ८ पोर्टच्या स्वस्त स्विचांत ते अनेकदा ६० ते ६५ वॅट असतं. आठ कॅमेरे नऊ वॅटने ७२ झाले. बजेट संपलं की स्विच कमी प्राधान्याचे पोर्ट सोडतो, आणि सगळ्यांना सारखंच प्राधान्य असेल तर बहुतेक स्विच शेवटच्या नंबरांवर गदा आणतात. तुमचे जाणारे कॅमेरे ७ आणि ८ नंबरवर आहेत का ते बघा. असतील तर फाटकाचा कॅमेरा १ वर घ्या, आणि दोन कॅमेरे वेगळ्या पीओई इंजेक्टरवर टाका. पावसाळी ढगांमुळे दिवे लवकर लागतात आणि जास्त तास जळतात, म्हणून पाऊस दोषी दिसतो.

नेहमी एकच कॅमेरा जात असेल आणि तो लांबचा असेल, तर केबल तपासा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते. तिचा विद्युतरोध तांब्याहून जास्त, त्यामुळे ८० मीटरवर कॅमेऱ्यापाशी पोचेपर्यंत व्होल्टेज गळतं. एएफमध्ये स्विचपाशी किमान ४४ आणि कॅमेऱ्यापाशी किमान ३७ व्होल्ट लागतात. दिवसा पुरतं, रात्री नाही. टोक चाकूने खरवडलं आणि आत चंदेरी निघालं तर ती केबल भिंतीतून काढा.

केबलचाच विषय आहे तर आणखी दोन गोष्टी. ‘शो इंटरफेसेस स्टेटस’मध्ये गिगाबिटचं मशीन १०० मेगाबिटवर दिसलं तर आठपैकी एखादी तार बसलेली नाही असं समजा, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात. आणि ‘क्लिअर काउंटर्स’ करून एका तासाने ‘शो इंटरफेसेस काउंटर्स एरर्स’ बघा. महिन्याभराची एकूण बेरीज काही सांगत नाही, तासाभरात वाढलेला आकडा सांगतो. एका बाजूला सीआरसी (खराब फ्रेम) आणि दुसऱ्या बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेली टक्कर) वाढत असेल तर एक टोक फुल डुप्लेक्सवर (एकाच वेळी पाठवणं-घेणं) आणि दुसरं हाफवर (आळीपाळीने) आहे. दोन्ही ऑटोवर ठेवा, एकच टोक हाताने बांधू नका.

अंगणावरून टांगलेली तांब्याची केबल मात्र मला खरंच काळजीत टाकते. दोन इमारतींची अर्थिंग वेगळी असते. जवळ वीज पडली की त्या केबलच्या दोन्ही टोकांचे पोर्ट जातात, कधी पूर्ण स्विच. दिवाळीपर्यंत थांबू नका, तिथे फायबर घाला. काचेतून वीज वाहत नाही, एवढं एक कारण पुरे. घेताना लोखंडी कवच नसलेली फायबर मागा, नाहीतर कवचातून तीच वाट पुन्हा तयार होते.

साक्ष टिकवायची तर स्विचचं घड्याळ बरोबर हवं. तुमच्या लॉगमध्ये १ मार्च १९९३ अशी तारीख दिसत असेल. वेळ न मिळालेला सिस्कोचा स्विच तिथून मोजायला लागतो. ‘क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०’ लिहा आणि एनटीपीला (नेटवर्कवरून वेळ जुळवणारी सोय) राउटरचा पत्ता द्या. तास कितीला सुरू झाला आणि मॅकफ्लॅप कितीला आला हे जुळलं, की मुख्याध्यापकांना समजावायला दुसरं काही लागत नाही. लॉगही स्विचमध्ये अडकून ठेवू नका: लॅबमधल्या एका जुन्या मशीनवर सिसलॉग (स्विचांनी पाठवलेल्या लॉगच्या ओळी) घेणारा प्रोग्रॅम टाका, यूडीपी ५१४ वर, आणि सगळे स्विच तिकडे वळवा. मग वीज गेली तरी आदल्या मिनिटाची नोंद शिल्लक राहते.

तसाच कॉन्फिगरेशनचा बॅकअप. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला त्यानंतरच्या आठवड्यात मी दोन ठिकाणी तळमजल्यावरचे रॅक उघडले. दोन्हीकडे स्विचमध्ये गाळ होता. एकीकडे कॉन्फिगरेशनच्या फाइल आणि कोणत्या पोर्टला काय, याची वही वरच्या मजल्यावर होती. नवे स्विच आले त्याच संध्याकाळी काम सुरू झालं. दुसरीकडे काहीच नव्हतं. तिथे आम्ही एकेक केबल ओढून ती कुठून येते ते शोधत बसलो, आणि बाहेर लोक औषधाच्या चिठ्ठ्या हाताने लिहीत होते. तुमचा ऑफिसचा रॅक तळमजल्यावर असेल तर तो कमरेच्या वर भिंतीत घ्या. गच्चीलगतच्या कोंडलेल्या खोलीतही नको. लहान स्विच बहुतेक ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि मे महिन्यात त्या खोलीत तेवढं सकाळीच होतं.

येत्या रविवारी शाळा रिकामी असताना क्रम असा ठेवा. आधी नवं काही न बदलता चारही स्विचांचं आत्ताचं कॉन्फिगरेशन उतरवून घ्या, घड्याळ लावा, सिसलॉग चालू करा. मग नव्या लॅबचा पीव्हीआयडी, आणि तिथे एका मशीनवर पत्ता मिळतोय ना ते बघा. पीओईच्या स्विचची चिठ्ठी वाचा. स्पॅनिंग ट्री आणि लूप डिटेक्शन रविवारी लावू नका. सोमवारी दुपारी कन्सोल घेऊन रॅकपाशी बसा, आणि नेटवर्क बसलं तर मॅकफ्लॅपच्या ओळी आणि ‘शो स्पॅनिंग-ट्री डीटेल’ची व्हीलॅन २० ची पानं उतरवून मला पाठवा. सामाईक पोर्ट कोणता निघाला, आणि त्या पोर्टच्या केबलचं दुसरं टोक कोणत्या टेबलाखाली गेलं, एवढं त्यासोबत लिहा.